देवघरातलं सहावं कार्ड

आमच्या बोरी गावच्या घरात एकच खोली अशी होती जिला वर स्लॅब, खाली फरशी आणि उत्तरेला मोठी खिडकी होती, आणि त्या खोलीत देव राहायचे. बाकीचं घर पत्र्याचं. त्यात दुपारी माणूस शिजतो, तिथं सहा ग्राफिक्स कार्डं कशी टिकणार? म्हणून माझ्या नवऱ्याने क्रिप्टोचं यंत्र आणलं तेव्हा ते देवघरातच मांडावं लागलं.

यंत्र फार देखणं नव्हतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला होता. खाली कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आणि वर ओळीने उभी केलेली सहा कार्डं. गेम खेळणाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतात तीच, जुनी, कुणीतरी वापरून विकलेली. ती सतत एकच आकडेमोड करत राहायची आणि त्या राबण्याच्या बदल्यात आमच्या खात्यात एका आभासी नाण्याचा कण कण जमा व्हायचा. हे मी सासूबाईंना तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा त्यांनीच मला थांबवलं. म्हणाल्या, "यातून पैसा येतो म्हंतीस ना? मग लक्ष्मीच हाय की. ऱ्हाऊ दे देवापाशी."

तेव्हा मला आनंद झाला. यंत्राला जागा मिळाली एवढंच मी पाहिलं. देवापाशी ठेवलेल्या वस्तूला देवाचे नियम लागतात हे ध्यानात यायला मला महिनाभर लागला.

यंत्र आणलं नवऱ्याने, पण चालवलं मी. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून ते विकत घेतलं, आणि घरी आल्यावर वायरींचा गुंता बघून तीन दिवस डोकं धरून बसला. मी परभणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकले होते. लग्नानंतर ते शिक्षण मार्कशीटबरोबर पेटीत गेलं होतं आणि मी रानात. कापूस वेचायचं काम मला कधीही आवडलं नाही, हे मी आता उघड सांगते. बोंडाची टोकं नखांच्या कडा फाडतात, कंबरेला बांधलेली ओटी जड होत जाते आणि संध्याकाळी भाकरी थापताना बोटं पिठातसुद्धा झोंबतात. यंत्र आल्यापासून माझी वेचणी सुटली. मी दिवसातून चार वेळा त्याच्यापाशी जायची, पंखे ब्रशने झाडायची, तापमान बघायची, एखादं कार्ड कुरकुर करायला लागलं की त्याचा वेग जरा कमी करायची. शेजारणी हसायच्या. "ह्या बाईनं मशीन पाळलीय" म्हणायच्या. मला ते लागायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मला येतं असं काहीतरी त्या घरात होतं.

महिन्यातले चार दिवस मात्र मला देवघरात जायला मनाई होती. आमच्या घरात त्या चार दिवसांबाबत बरीच सूट झाली होती. स्वयंपाक मी करायची, पाणी भरायची, अंथरूणही वेगळं नव्हतं. सासूबाईंनी एकेक करून सगळं सोडलं होतं. देवघर सोडलं नव्हतं. त्या उंबऱ्यावर त्या अडून होत्या, आणि एवढं सगळं सोडल्यावर त्यांच्याकडून आणखी काय मागायचं, असं मलाही वाटायचं. त्या चार दिवसांत यंत्राचं मी मोबाईलवरूनच बघायची. आत हात लावायची वेळ आली तर नवरा लावायचा.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. माझा दुसरा दिवस होता. नवरा सोयाबीन विकायला जिंतूरच्या मोंढ्यात गेला होता. शेजारच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस छातीइतका भरलेला. मी देवघरासमोरच्या पडवीत लसूण सोलत बसले होते आणि सासूबाई तांदूळ निवडत होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. देवघरातून टक टक टक असा आवाज यायला लागला.

पंख्याच्या पात्याला काहीतरी आपटत होतं. तो आवाज मला चांगला माहीत होता. एकदा वायर अशीच लागली होती. मी मोबाईल बघितला. सहाव्या कार्डाचं तापमान चढत होतं. टक टक थांबली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी कळलं की आवाज थांबला म्हणजे पंखा थांबला. आकडा लाल झाला. मी मोबाईलवरून यंत्र बंद करायची सूचना पाठवली. एकदा, दोनदा, पाचदा. यंत्र अडकलं होतं. पडद्यावर सगळे आकडे गोठून राहिले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आत जाऊन मागचं काळं बटण दाबा तेवढं. लवकर."

त्यांनी सुपातून मान वर केली. "म्या? म्या न्हाई बाई. करंट लागंल मला."

"न्हाई लागत. प्लास्टिकचं बटण हाय."

"मोटरीचंबी प्लास्टिकचंच होतं."

ते खरं होतं. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरने त्यांना एकदा असं फेकलं होतं की त्यांचा हात आठवडाभर गळ्यात होता. तेव्हापासून त्या घरातला विजेचा दिवासुद्धा काठीने लावायच्या. मी उठून उंबऱ्यापाशी गेले. त्या माझ्या आधी उठल्या.

"आत पाय टाकू नको."

"मग जळंल ते."

"जळू दे. देव बाटवू नको."

मी थांबले. हे मला लिहायला जड जातं, पण मी थांबले. नवऱ्याला फोन लावला, तो मोंढ्याच्या गोंगाटात उचलेना. पुन्हा लावला. सासूबाईंना पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. आज कुणी विचारलं तर मी सांगेन की बाहेर ओसरीत मीटर होता, त्याचा फ्यूज ओढला असता तर सगळं घर बंद पडलं असतं आणि कुणालाच उंबरा ओलांडावा लागला नसता. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई, पण मला ते सुचलंच नाही. सासूबाईंनाही नाही. आम्ही दोघी त्या उंबऱ्याकडेच बघत राहिलो.

मग वास आला. रबर आणि प्लास्टिक जळाल्याचा, नाकात चरचरणारा. माझ्या डोळ्यांसमोर पलीकडच्या खोलीतला कापूस आला. मी सासूबाईंचा हात बाजूला केला, आत गेले आणि बटण दाबलं. पंखे थांबत थांबत बंद झाले. सहाव्या कार्डाची वायर खोचायच्या जागी वितळून काळी पडली होती. मी तशीच पाठमोरी बाहेर आले. देवांकडे मी बघितलं नाही.

सासूबाईंनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी आंघोळ केली, देवांना ताम्हनात घेऊन धुतलं आणि खोलीभर गोमूत्र शिंपडायला लागल्या. "यंत्रावर नको, यंत्रावर नको!" मी बाहेरून ओरडत होते. त्यांनी त्यावर धुतलेली चादर टाकली आणि मग चादरीवर शिंपडलं.

संध्याकाळी नवरा आला. त्याने चादर उचलून यंत्र सुरू करून बघितलं. पंखे एकदा फिरले आणि थांबले. तो बाहेर येऊन खाटेवर बसला. सासूबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "विटाळ झाला त्याला. ही शिरली आत. म्या सांगायली होते, ऐकलं न्हाई. आता त्या मशीनला बाईचा हात नको. परभणीचा एखादा माणूस लाव, न्हाईतर इकून टाक."

मी नवऱ्याकडे बघितलं. जळका वास अजून घरात होता. तो नाकात जात असूनही नवरा मला म्हणाला, "बगू. तुझं डोक्यावरून पाणी होऊ दे, मग बगू." बस. एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं बरोबर म्हणाला नाही, माझं चूक म्हणाला नाही, मूग गिळून बसला. त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि आम्ही सुखाने नांदतो हेही खरं आहे.

पुढचे दोन दिवस यंत्र बंद होतं. घरात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या जुन्या वेचणीच्या ओटीचं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलं. ते फडकं मला दिवसभर दिसत होतं. मला एकच गोष्ट करायची होती. बिघाड शोधायचा होता, आणि तो माझ्या पायांनी आत नेलेला नव्हता हे दाखवायचं होतं. नाहीतर मी त्या यंत्रापाशी पुन्हा कधी बसणार नव्हते.

पाचव्या दिवशी पहाटे मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच देवघरात गेले. सासूबाई पूजा आटोपून दारात बसल्या होत्या, कापसाच्या वाती वळत. मी काय करते ते त्यांना बघायचं होतं. मलाही ते हवंच होतं.

मी सहाही कार्डं काढली आणि फरशीवर ओळीने ठेवली. मग एकेक कार्ड एकटंच थेट मदरबोर्डवर बसवून बघायला लागले. पहिलं सुरू झालं. दुसरं झालं. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी पडद्यावर अक्षरं उमटली की मी मोठ्याने "हे चालू" म्हणायची. सहावं बसवलं. पडदा काळाच. एक पंखा फिरला, दुसरा जागचा हलला नाही. त्याची वायर जळाली होती म्हणून मी पाचव्या कार्डाची चांगली वायर लावली. तरी काळा. मग सहाव्याच्या जागी पाचवं लावून बघितलं, ते सुरळीत चाललं. म्हणजे जागा चांगली, वीज चांगली, मदरबोर्ड चांगला. बिघाड त्या एका कार्डाबरोबर फिरत होता.

"विटाळ झाला असता तर साऱ्याला झाला असता ना, आत्याबाई?" मी वळून न बघता म्हटलं. "मी काय एकट्या सहाव्याला शिवले का?"

वाती वळायचा हात थांबला.

मी सहावं कार्ड पालथं घातलं आणि चष्म्याच्या दुकानातून आणलेल्या बारीक पेचकसाने त्याचे स्क्रू काढले. पंख्यांची चौकट सुटली. न हलणाऱ्या पंख्याचं पातं आणि त्याच्या कडेची भिंत यांच्यामध्ये काहीतरी लाल अडकलेलं होतं. मी पिन घालून ते काढलं. तांदळाचा दाणा होता. कुंकवात रंगवलेला, एका टोकाला घासून पांढरा झालेला. मग आतल्या पत्र्यांच्या फटींमध्ये बघितलं तर आणखी चार दाणे चिकटलेले होते.

अक्षता.

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला, वाईट, कडू आनंद. पूजेच्या ताटाखेरीज घरात लाल तांदूळ कुठून येणार? पूजा कोण करतं? तीन दिवस मी विटाळाची बाई होऊन बसले होते आणि बिघाड यांच्याच हातचा निघाला. मी तो दाणा तळहातावर घेऊन उभी राहिले. तोंड उघडलंसुद्धा होतं.

आणि मला दसरा आठवला.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, मोटरीचा तो मारकुटा स्टार्टरसुद्धा. सगळं झाल्यावर सासूबाई ताट घेऊन यंत्रापाशी आल्या. मी ते पाच मिनिटं बंद केलं होतं, कारण चालू हत्याराची पूजा करत नाहीत. त्यांनी ओवाळायला ताट उचललं आणि मग काय वाटलं कोण जाणे, ते माझ्या हातात दिलं. "तुझं हाय," म्हणाल्या, "तूच कर."

त्या घरात तोवर कुणी कशाला माझं म्हटलं नव्हतं. लग्नात आलेल्या भांड्यांनाही नाही. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता चिमूटभर वाहायच्या तर मूठभर उधळल्या. वरून. उघड्या कार्डांवर. मी, जी शेजारच्या पोरांना यंत्राजवळ बिस्किटसुद्धा खाऊ देत नव्हते. ते दाणे पत्र्यांमध्ये चिकटून बसले, वाळले, आणि हादऱ्यांनी सुटून एक पंख्यात पडला.

म्हणजे कार्ड माझ्याच हातांनी मेलं होतं. फक्त ते हात त्या दिवशी स्वच्छ होते.

गप्प बसता आलं असतं. कार्ड जुनं होतं, खराब निघालं, असं म्हटलं असतं तर नवऱ्याने मान डोलावली असती. पण मग सासूबाईंच्या मनात विटाळच राहिला असता. मी त्यांच्यापुढे बसले आणि हात पुढे केला.

"हे अडकलं होतं पंख्यात."

त्यांनी दाणा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "अक्षद हाय ही."

"दसऱ्याची. मीच टाकलेली. तुमी ताट दिलं, मी मूठभर टाकली. पंखा अडकला, कार्ड तापलं आन मेलं. मी आत जायच्या आधीच मेलं होतं."

त्यांनी दाणा बोटांत फिरवला. "म्हंजे देवाचं केल्यानं बिघडलं म्हंतीस?"

"तांदूळ अडकल्यानं बिघडलं. देवाचा काय संबंध त्यात?"

"आन तू आत शिरलीस ते?"

"मी शिरले म्हणून बाकीची पाच वाचली. तो कापूस वाचला." माझा आवाज चढला होता आणि मला रडू यायला लागलं होतं. "माझ्या हातून चूक झाली. पण त्या दिवशी झाली, ज्या दिवशी तुमी मला आत बोलावलं होतं. पाळीच्या दिवशी न्हाई."

पाळी हा शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. त्यांनी दाणा कपाळाला लावला, उठल्या आणि अंगणातल्या तुळशीत नेऊन टाकला. परत येऊन वाती वळायला बसल्या. दुपारी बघितलं तर दोरीवरचं ओटीचं फडकं काढून घडी घालून ठेवलेलं होतं.

मेलेलं कार्ड आम्ही परभणीला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने भिंगातून बघितलं आणि आतली चिप गेली म्हणाला. "उघडलं कुणी?" त्याने विचारलं. "मी," मी म्हटलं. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सफाईने उघडलंय." परतताना झरी गाव येईपर्यंत बसमध्ये मला त्याचं हसू येत होतं. यंत्र पाच कार्डांवर सुरू झालं आणि माझ्याच हातात राहिलं. परभणीच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या महिन्यात माझे दिवस आले. मी नेहमीसारखी पडवीत बसले. सासूबाई आंघोळ करून आल्या, त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून, आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"ते बटण कुटलं, दाखीव मला."

मला आधी समजलंच नाही. त्या देवघरात गेल्या. पूजेला बसायचा लाकडी पाट ओढून त्यांनी यंत्रामागे ठेवला. लाकडातून करंट जात नाही, हे त्या कुणाला तरी विचारून आल्या होत्या. पाटावर उभ्या राहिल्या, पदर बोटाभोवती गुंडाळला. मी उंबऱ्याबाहेरून केरसुणीच्या दांड्याने दाखवलं, "ते, खालचं, काळं." त्यांनी हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. देवांकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि दाबलं.

पंखे थांबले. त्यांना काही झालं नाही. त्या वळल्या तेव्हा कपाळावर घाम होता आणि तोंडभर हसू.

"बगितलंस?" त्या म्हणाल्या. "आता काय बी झालं तरी तुला आत यायचं काम न्हाई."

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच केलं होतं, हे मला दिसत होतं. म्हणूनच मला ओरडता येईना. ज्या भीतीने त्या बाईने वर्षानुवर्षं दिवासुद्धा काठीने लावला, ती भीती त्यांनी एका सकाळी टाकून दिली, मला तो उंबरा ओलांडू द्यावा लागू नये म्हणून. त्या पाटावर उभ्या राहून मी काय म्हणते त्याची वाट बघत होत्या.

"लय बेस," मी म्हटलं. "आता चालू करून बगा." आणि बाहेर उभं राहून मी त्यांना तेही शिकवलं.